पंच्याऐंशी अंश

माझ्या टेबलावर आत्ता ८५ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि मी अंगावर शाल घेऊन बसलो आहे. हवेचं पृथ्वीवर नोंदलं गेलेलं सर्वांत जास्त तापमान ५६.७ अंश, १९१३ सालचं, डेथ व्हॅलीतलं. माझ्या टेबलाने ते बसल्या जागी २८ अंशांनी मागे टाकलं. थोड्या वेळाने हेच टेबल −१२७ वर जाईल. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक केंद्रावर १९८३ साली −८९.२ अंश नोंदले गेले होते. म्हणजे तोही विक्रम गेला. इतकं करून कौतुकाला एक माणूस येत नाही.

हा पराक्रम डीएस१८बी२० नावाच्या, तापमान मोजणाऱ्या तीन पायांच्या सेन्सरचा. दिसायला तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, काळा, एका बाजूने चपटा. त्याला आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला जोडायचं, उनोला यूएसबी केबलने संगणकाला जोडायचं आणि मॅटलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये खोलीच्या तापमानाचा आलेख काढायचा. सांगायला एक वाक्य. करायला बसलं की या वाक्यातल्या प्रत्येक क्रियापदापाशी एकेक दिवस मुक्काम पडतो.

त्यातल्या त्यात ८५ हा आकडा सभ्य आहे. वीज मिळाली की सेन्सर आपल्या स्मृतीत ८५ लिहून बसतो आणि खरं मोजमाप होईपर्यंत विचारेल त्याला तेच सांगतो. बारा बिटांच्या, म्हणजे सर्वांत बारीक पायरीने मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. आपण कोडमध्ये 'मोज' असं सांगायची ओळ विसरलो आणि थेट 'किती?' असं विचारलं, की उत्तर ८५. मोजता मोजता तार हलून त्याची वीज क्षणभर गेली आणि परत आली, तरी उत्तर ८५. तो खोटं बोलत नाही, 'मी आत्ताच उठलोय' एवढंच सांगतो.

−१२७ मात्र सेन्सर म्हणतच नाही. सेन्सरकडून काही उत्तरच आलं नाही, की लायब्ररी, म्हणजे सेन्सरशी बोलायला आपण घेतलेला तयार कोड, स्वतःच्या पदरचा हा आकडा देते. याचं कारण दहापैकी नऊ वेळा ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो, म्हणजे नसतो. या सेन्सरची डेटाची तार एकच. बोलताना तिच्यावरचे दोघेही, बोर्ड आणि सेन्सर, तिला फक्त खाली ओढू शकतात, वर कोणीच नेत नाही. वर न्यायला डेटा आणि पाच व्होल्ट यांच्यामध्ये तो रेझिस्टर लागतो. तो नसला की तार खालीच पडून राहते आणि तिकडून कोणी बोलतंय की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. चित्रात तो रेझिस्टर इतका चिमुकला काढलेला असतो, की डोळ्यांना तो शोभेचा वाटतो.

दहावी वेळ पायांची. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय ग्राउंड (विजेची शून्य बाजू), मधला डेटा, उजवा वीज. पण उत्पादकाच्या माहितीपत्रकात याचं चित्र खालून पाहिल्यासारखं काढलेलं आहे आणि तसं तिथे लिहिलेलंही आहे. ते वाचतं कोण? शिवाय एलएम३५ नावाचा दुसरा सेन्सर याचा जुळा भाऊ शोभावा असा दिसतो आणि त्याचे वीज-ग्राउंडचे पाय बरोबर उलटे असतात. उलटा जोडलेला सेन्सर काही सेकंदांत असा तापतो की बोट लावलं तर फोड यावा. त्या क्षणी त्याचं तापमान खरोखर ८५ च्या आसपास असावं, पण ते सांगण्याच्या परिस्थितीत तो नसतो.

हे सगळं केबल बरी असली तर. यूएसबी केबलमध्ये निदान चार तारा हव्यात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. जगात अशा असंख्य केबली आहेत ज्यांत फक्त विजेच्या दोन असतात, कारण त्या चार्जिंगपुरत्या जन्माला आलेल्या असतात. अशा केबलने बोर्डावरचा हिरवा दिवा झकास लागतो आणि संगणकाच्या दृष्टीने तिथे काहीच जोडलेलं नसतं. दिवा लागल्यामुळे केबलवर संशय घ्यायचं कोणाच्या मनात येत नाही. मग ड्रायव्हर (संगणकाला उपकरणाशी बोलायला शिकवणारे प्रोग्राम) काढून परत टाकले जातात, मॅटलॅब काढून परत टाकलं जातं, काही धीट मंडळी ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. माझ्या खणात एकसारख्या सात काळ्या केबली आहेत. त्यांतल्या तीन मुक्या आहेत. कोणत्या तीन, हे मी दर वेळी नव्याने शोधून काढतो आणि चिठ्ठी लावायची उद्यावर ढकलतो.

केबल बोलती निघाली आणि तरीही संगणकावर पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलायचं दार, दिसेना, तर बोर्डावरची यूएसबीची चिप पाहावी. बऱ्याच बोर्डांवर सीएच३४० असते आणि तिचा ड्रायव्हर काही संगणकांवर वेगळा टाकावा लागतो. लिनक्सवर पोर्ट दिसतो, पण हात लावू देत नाही. तिथे आपलं नाव 'डायलआउट' या पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात घालावं लागतं आणि नंतर लॉगआउट करून परत आत यावं लागतं. हे शेवटचं कोणी करत नाही आणि 'नाव घातलं तरी परवानगी नाही' म्हणून गळा काढतं.

आता मॅटलॅब. इथे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींवर एक-एक पाय ठेवून चालायचा मोह होतो. एका रस्त्यावर मॅटलॅबचं आर्डुइनोसाठीचं सपोर्ट पॅकेज घ्यायचं. मग बोर्डावर आपला कोड लागतच नाही, मॅटलॅबमधूनच पिना हलवायच्या. दुसऱ्या रस्त्यावर बोर्डावर आपलं स्केच (आर्डुइनोच्या भाषेत प्रोग्राम) चढवायचं, ते सीरियल पोर्टवर आकडे ओतत राहील आणि मॅटलॅबने ते नुसते वाचायचे. आपण आधी मेहनतीने स्केच चढवतो आणि मग मॅटलॅबमध्ये 'आर्डुइनो' ही आज्ञा देतो. ती आज्ञा बोर्डाशी बोलण्यासाठी त्यावर स्वतःचा सर्व्हर प्रोग्राम चढवते. आपलं स्केच तिथून पुसलं गेलं, हे सांगायला कोणी थांबत नाही. स्केच वापरायचं असेल तर 'सीरियलपोर्ट' ही आज्ञा, आणि फक्त तीच. ही २०१९ बी आवृत्तीपासून आहे. जुन्या उदाहरणांत 'सीरियल' आणि पाठोपाठ 'एफओपन' दिसतं. नव्यात एफओपन लागत नाही. निम्मं जुनं आणि निम्मं नवं एकत्र केलं की जे तयार होतं ते कोणत्याच आवृत्तीत चालत नाही.

सीरियल पोर्टचा स्वभाव न्हाणीघरासारखा: आत एक माणूस असला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला, बोर्डाचे आकडे दाखवणारा सीरियल मॉनिटर दुसऱ्या खिडकीमागे उघडा राहिलेला असतो आणि मॅटलॅब दार ठोठावत असतं. एरर सरळ सांगतो, की उपकरण जोडलंय का पाहा, पोर्ट दुसरं कोणी वापरत नाही ना पाहा. आपण पहिलं पाहतो, दुसऱ्यापर्यंत वाचत नाही. त्याहून मजेची गोष्ट अशी, की कधी कधी आत बसलेलं ते 'दुसरं कोणी' मॅटलॅबच असतं. मघाच्या प्रयत्नातला 'एस' नावाचा व्हेरिएबल अजून जिवंत असतो आणि त्याने कडी लावलेली असते. 'क्लिअर एस' म्हटलं की कडी निघते. रागाच्या भरात पूर्ण मॅटलॅब बंद केलं तरी निघते, आणि बहुतेकांचा भर त्याच मार्गावर आहे.

पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट होतो. हा बिघाड नव्हे, बोर्ड घडवलाच तसा आहे, म्हणजे नवा कोड चढवायला बटण दाबावं लागू नये. पण त्यामुळे पहिले एक-दोन सेकंद बोर्ड ढिम्म असतो आणि कधी पहिली ओळ अर्धवट हाती लागते: २५.३१ ऐवजी ५.३१. म्हणून पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबावं, साचलेलं 'फ्लश'ने काढून टाकावं आणि पहिली ओळ न बघता फेकून द्यावी. दोन्हीकडे बोलण्याचा वेगही एकच हवा. स्केचमध्ये ११५२०० आणि मॅटलॅबमध्ये ९६०० असेल, तर तापमानाच्या जागी अशी अक्षरं येतात की बोर्डाला वात झालाय असं वाटावं. ओळीच्या शेवटाचंही तसंच. आर्डुइनो प्रत्येक ओळीमागे दोन अदृश्य चिन्हं लावतो, मॅटलॅब मुळात एकाचीच वाट पाहतं, म्हणून टर्मिनेटर, म्हणजे ओळ संपल्याची खूण, 'सीआर/एलएफ' असा सांगून टाकावा.

यातली एक जरी ओळ बिघडली की मजकुराचा आकडा होत नाही आणि 'नॅन' येतो. नॅन म्हणजे 'हा आकडा नव्हे'. नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. नॅन बरोबर नॅन का, असं विचारलं तर मॅटलॅब 'नाही' म्हणतं. त्याला पकडायला 'इझनॅन' वापरावं लागतं. दिवसभराच्या १४४० नोंदींत एकच नॅन असला तरी सरासरी नॅन येते. घरातला एक माणूस रुसला की अख्खं घर उपाशी, तशातली गत. सरासरी काढताना 'ओमिटनॅन' म्हटलं की उरलेली १४३९ माणसं जेवू शकतात.

या १४४० नोंदी मिनिटाला एक अशा घ्यायच्या असतात आणि घोडं पेंड खातं ते इथे. मिनिट म्हणजे साठ सेकंद, सेकंद म्हणजे हजार मिलिसेकंद, म्हणून वाचायला सोपं पडावं या सद्हेतूने मी लिहितो, डिले (६० * १०००), म्हणजे इतके मिलिसेकंद थांब. माझ्या उनोवर साधा पूर्णांक सोळा बिटांचा, म्हणजे −३२७६८ ते ३२७६७. साठ हजार त्यात मावत नाहीत. ते गुंडाळले जाऊन −५५३६ होतात. डिलेला ऋण आकडा ठाऊक नाही, तो त्याला बत्तीस बिटांचा धन आकडा समजतो: ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. म्हणजे ४९ दिवस आणि १७ तास. बोर्ड पहिलं तापमान सांगतो आणि मग आज्ञाधारकपणे जवळजवळ पन्नास दिवस गप्प बसतो. गुणाकार मनात करून सरळ ६०००० लिहिणाऱ्याचं मात्र काही बिघडत नाही, कारण मोठा आकडा दिसला की कंपायलर (आपला कोड बोर्डाच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) त्याला आपणहून मोठी जागा देतो. नीटनेटकं लिहिणाऱ्यालाच शिक्षा. साठच्या पुढे 'यूएल' (मोठ्या जागेचा धन पूर्णांक) ही दोन अक्षरं चिकटवली की शिक्षा माफ. कंपायलर याबद्दल सूचना द्यायला तयार असतो, पण आर्डुइनोच्या प्रेफरन्सेसमध्ये सूचना मुळातच बंद ठेवलेल्या असतात.

आणि अशा वेळी आपण मदत मागतो. मदत मागण्याची आपली पद्धत ठरलेली आहे. पहिला निरोप: 'चालत नाही.' समोरचा विचारतो, 'नक्की काय होतं?' आपण: 'काहीच होत नाही.' मग एररची ओळ जशीच्या तशी मागितली, तर आपण पडद्याचा फोटो मोबाइलने तिरका काढून पाठवतो. त्यात चाळीस ओळी, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि आपला अंगठा येतो. एरर असलेल्या शेवटच्या तीन ओळी तेवढ्या येत नाहीत. बोर्ड कोणता, मॅटलॅबची आवृत्ती कोणती, तारा कुठून कुठे, यांतलं एकही न सांगता आपण भलताच प्रश्न विचारतो: 'मॅटलॅबला पन्नास दिवस वाट पाहायला लावायचा टाइमआउट कसा द्यायचा?' समोरच्या भल्या माणसाने तो कसा द्यायचा हे खरोखर सांगितलं, तर आपण मनापासून आभार मानतो आणि वाट पाहत बसतो. जाणता माणूस मात्र विचारतो, 'पन्नास दिवस का?' त्याचा आपल्याला राग येतो.

आलेख इंटरनेटवरून दिसावा म्हणून आकडे थिंगस्पीक या वेबसेवेवर पाठवायला निघालात, तर आणखी थोडं. तिथल्या एका चॅनेलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, आठ फील्ड (रकाने) असतात, आणि मोफत खात्यावर दोन नोंदींत पंधरा सेकंदांचं अंतर लागतं. साध्या वेब-विनंतीने नोंद पाठवली की उत्तरात तिचा क्रमांक येतो; घाई केली की ० येतो. ज्याची हयात 'शून्य म्हणजे सगळं ठीक' या संस्कारात गेली, तो शून्यांची रांग पाहून समाधानाने झोपतो. लिहायची आणि वाचायची किल्ली वेगळी असते, हे आपण वाचायच्या किल्लीने तासभर लिहून पाहिल्यावर समजतं. नोंदींच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, येतात. मॅटलॅबमध्ये त्यांना आपला टाइमझोन न देता आलेख काढला, तर भर दुपारचा उकाडा भलत्याच वेळी दिसतो आणि माणूस हवामानशास्त्रावर शंका घेऊ लागतो.

वायफाय हवं म्हणून उनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड घेतला, तर तो ३.३ व्होल्टचा आहे, एवढं त्याच्या पिनेला पाच व्होल्ट देण्याआधी आठवावं. त्याला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय दिसतं. राउटर नुसतं पाच गिगाहर्ट्झवर बोलत असेल, तर पासवर्ड कितीही वेळा घाला.

असो. रेझिस्टर बसला, केबल बोलती मिळाली, सीरियल मॉनिटर बंद केला, यूएल चिकटवलं. पडद्यावर २५.३१. पुन्हा २५.३१. मग २५.३८. ही पायरी ०.०६२५ अंशांची, आणि सेन्सरची हमी मात्र अधिक-उणे अर्ध्या अंशाची. म्हणजे दशांश चिन्हापुढचं बरंचसं शोभेचं आहे. तरी मी त्याकडे तान्ह्या बाळाकडे बघावं तसा बघत बसतो. तासाभरात आकडा २७ च्या वर जातो. भिंतीवरच्या काचेच्या तापमापकात २४ आहे. सेन्सर बोर्डाला अगदी खेटून बसवलाय, त्यामुळे तो खोलीचं सोडून बोर्डाचंच तापमान सांगतोय. म्हणून त्याला चार बोटं पलीकडे सरकवतो. अगदी हळू, तारेला धक्का न लागेल असा.

−१२७.