माहेर उरलेल्या सुट्टीत बसवू नका

दोघंही नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोची वर्षभराची रजा कशी संपते ते बघा. गणपती सासरी, दिवाळी सासरी, गावची जत्रा सासरी, चुलतदिराचं लग्न सासरी. एवढं झाल्यावर दोन-तीन दिवस शिल्लक राहतात, त्यातला एक तापात जातो आणि माहेरच्या वाट्याला येतं 'बघू, जमलं तर'. हे कुणी दुष्टपणाने करत नाही. वर्षाचं काही मांडलेलंच नसतं, त्यामुळे आधी जो सण येतो तो रजा खाऊन टाकतो. माझं ठाम मत आहे की नव्या जोडप्याने जानेवारीत कालनिर्णय समोर घेऊन बसावं आणि पहिली खूण माहेरच्या दिवसांवर करावी. सासरचे दिवस कसेही निघतात, कारण त्यासाठी सगळं घर मागे लागलेलं असतं.

एक उदाहरण घेऊन बोलते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. दोघं पुण्यात, हिंजवडीत नोकरीला. त्याचं घर कणकवलीजवळ, तिचं अकोल्यात. अशी जोडपी आता भरपूर आहेत. एक टोक कोकणात, दुसरं वऱ्हाडात आणि मध्ये पुणं.

२०२६ ची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला. कोकणात चवथीला घरी नाही गेलं तर चालत नाही, हे मान्य. पण त्याच आठवड्यात तिच्या घरी महालक्ष्म्या बसतात. विदर्भात हा साधा सण नसतो. उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कढी आणि दिवसभर जेवणाच्या पंगती. त्या दिवशी तिची आई एकटी राबत असते आणि तिची लेक शेकडो किलोमीटरवर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मोदक वळत असते. लग्नानंतर पाच-पाच वर्षं आपल्या घरच्या महालक्ष्म्या न पाहिलेल्या मुली आहेत, आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारतही नाही.

यावर उपाय आहे. गणपती पाच किंवा सात दिवसांचा असेल तर दोघांनी सगळेच दिवस तिथे थांबायची गरज नसते. एक वर्ष पूर्ण सण कोकणात. दुसऱ्या वर्षी चतुर्थीची पूजा आणि नैवेद्य झाला की तिने निघावं आणि महालक्ष्म्यांना अकोल्यात पोचावं, त्याने विसर्जनापर्यंत थांबावं. जिथे जायचं तिथे जोडीनेच जायचं, हा हट्ट सोडला की निम्मा गुंता सुटतो. मात्र हे ज्याने-त्याने आपल्या घरी सांगायचं. 'ती म्हणते मला माहेरी जायचंय' असं मुलाने आईला सांगितलं, की सून वाईट झाली. 'आई, या वर्षी ती महालक्ष्म्यांना जाणार, आम्ही तसं ठरवलंय' हे वाक्य त्याच्या तोंडून, आणि जूनमध्येच गेलं पाहिजे. सणाच्या तोंडावर सांगितलं तर चांगली माणसंही दुखावतात.

आता तिकिटं. ठरवलेले बेत इथेच फसतात.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न मोजता. ऑनलाइन वेळ सकाळी ८. चतुर्थीसाठी शुक्रवारी ११ सप्टेंबरच्या रात्री निघायचं असेल तर ते आरक्षण १३ जुलैला उघडणार. पुणेकर बरेचदा पनवेलला जाऊन कोकण रेल्वेची गाडी पकडतात आणि तिथे एक खाच आहे. मुंबईहून रात्री अकरानंतर सुटणारी गाडी पनवेलला येईपर्यंत तारीख बदलते. तुमच्या तिकिटावर १२ सप्टेंबर असेल, पण ६० दिवस मोजले जातात गाडी मूळ स्टेशनवरून सुटते त्या तारखेपासून. म्हणजे १४ जुलैला सकाळी आठला तयारीत बसलेला माणूस एक दिवस उशिरा बसलेला असतो, आणि समोर थेट वेटिंग दिसतं. दोघांचीही रेल्वे तिकिटांची (आयआरसीटीसी) खाती आधारशी आधीच जोडून ठेवा, नाहीतर आरक्षण उघडतं त्याच वेळी अडून बसाल. तत्काळवर भिस्त ठेवू नका. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी १० वाजता आणि बिगर एसीचं ११ वाजता उघडतं खरं, पण गणपतीच्या दिवसांत ते मिळेल असं धरून रजा टाकणं म्हणजे रजा जुगारावर लावणं.

दिवाळीचं गणित याहून नाजूक आहे, आणि या वर्षी ते छान जुळतंय. अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला. सोमवारी सण नाही. पाडवा मंगळवारी १० ला, भाऊबीज बुधवारी ११ ला. म्हणजे शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, रविवारी पहाटे कोकणात तुळशीपुढे कारीट फोडायचं, सगळ्यांबरोबर गोडे-तिखट पोहे खायचे, संध्याकाळी लक्ष्मीपूजन. सोमवारी सकाळी निघून पुणं आणि सोमवारी रात्रीच्या गाडीने अकोला. पाडव्याची ओवाळणी तिच्या घरी, दुसऱ्या दिवशी तिची भाऊबीज तिच्या भावाच्याच घरी. त्याला बहीण असेल तर तिला लक्ष्मीपूजनालाच कोकणात बोलावून घ्या किंवा तिच्याकडे नंतरच्या शनिवारी जा, ओवाळणी चुकत नाही. परतीचा गुरुवार. रजा लागतात चार, आणि पाडव्याला बऱ्याच कंपन्या बंद असतात, म्हणजे तीनच.

पण ९ नोव्हेंबरच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण उघडतं १० सप्टेंबरला आणि १२ नोव्हेंबरच्या परतीचं १३ सप्टेंबरला. म्हणजे गणपतीला निघायच्या गडबडीत आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी, जेव्हा तुम्ही कोकणात माटवी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधत असता आणि मोबाइलला रेंज शोधत असता. दर वर्षी दिवाळीचं माहेर बुडतं ते नेमकं इथे, आणि खापर मात्र 'तिकीटच मिळालं नाही' यावर फुटतं. मोबाइलमध्ये आदल्या रात्रीचा गजर लावा आणि ही जबाबदारी नवऱ्याने घ्यावी. सासरचं तिकीट नवरा काढतो आणि माहेरचं 'तुझं तू बघ', ही वाटणी मला मान्य नाही.

सणाव्यतिरिक्त जायचं असेल तर आता अकोल्यासाठी वंदे भारत आहे, ऑगस्ट २०२५ पासून, पुणे ते नागपूर. सकाळी निघालं की दुपारी अकोला. फक्त बसून जायची गाडी आहे, त्यामुळे लहान मूल किंवा पाठदुखी असेल तर रात्रीची झोपायची गाडीच बरी. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत, हे लक्षात ठेवलं तर आई-वडिलांना पुण्याला बोलावण्याचा खर्चही हलका होतो.

पोचल्यावर काय, तेही बोलायला हवं. चतुर्थीच्या दिवशी कोकणातल्या घरात तीस-चाळीस माणसांचं जेवण असतं. पुरुषांची पंगत आधी, मग मुलं, मग म्हातारी माणसं आणि सगळ्यात शेवटी सुना, दुपारी तीन वाजता, गार भातावर. हे बदलायला भाषण लागत नाही. घरातल्या एका मुलाने पहिल्या पंगतीला न बसता वाढायला उभं राहायचं आणि दुसरी पंगत मिसळून बसवायची. नैवेद्याच्या २१ मोदकांना दोन वाट्या तांदळाची पिठी, तेवढंच पाणी, चमचाभर तूप, चिमूट मीठ आणि दोन नारळ लागतात. ते नारळ खवण्याचं काम पुरुषांना सहज जमतं. उकड गरम असतानाच, तूप-पाण्याच्या हाताने मळावी लागते. गार झाली की कडा चिरतात आणि मोदक उकडताना फुटतात. सारण ओलं राहिलं तरी तेच. म्हणून खवणं, सारण आटवणं आणि मळणं हे एकापाठोपाठ व्हायला तीन माणसं लागतात, एकटी सून नाही. वळायला जी बसते तिच्या हाताशी मळलेली उकड कुणीतरी देत राहिलं, तर तासाभरात काम उरकतं.

आणि सासुरवाडीला गेलेल्या जावयाबद्दल. पहिल्या दिवाळसणाला मानपान, ठीक. त्यानंतर जावईबापूंनी आपलं ताट उचलावं आणि सासऱ्यांचं एखादं अडलेलं काम हातावेगळं करावं. नोव्हेंबरात पेन्शनीचा हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. ही दोन कामं दिवाळीच्या भेटीत दोन्ही घरी अर्ध्या तासात होतात. त्या वयाच्या माणसांना त्यासाठी गावात कुणाच्या तरी मागे फिरावं लागतं.

आता पैसा, कारण भेटींना पैसा लागतो आणि त्यावरून कुढणं सुरू होतं. समजा त्याचा पगार ६० हजार, तिचा ४० हजार आणि घराचा महिन्याचा सामाईक खर्च ४५ हजार. तर पगाराच्या प्रमाणात त्याने २७ आणि तिने १८ हजार एका सामाईक खात्यात टाकावेत. त्यातच दरमहा तीन हजार येण्या-जाण्याचे आणि आहेराचे बाजूला काढावेत. वर्षाला ३६ हजार होतात, दोन्ही घरच्या तिकिटांना, ओवाळणीला, भाचरांच्या कपड्यांना त्यातूनच. एकाच पेटीतून गेलं की 'तुझ्या घरी जास्त गेले' हे वाक्य निघत नाही.

सगळ्यात घातक वाटणी म्हणजे हप्ता त्याचा आणि किराणा तिचा. महिन्याच्या महिन्याला हिशेब सारखाच दिसतो. दहा वर्षांनी त्याच्या नावावर फ्लॅट असतो आणि तिच्या नावावर फक्त संपलेला किराणा. म्हणून हप्ता सामाईक खात्यातून जाऊ दे आणि खरेदीखतावर, कर्जावर दोघांचीही नावं असू देत. कंपनीच्या आरोग्य विम्यात बहुतेक ठिकाणी आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एकच जोडी घेता येते. दोघं नोकरीत असताना प्रत्येकाने आपापले आई-वडील घ्यावेत. बायकोच्या विम्यात सासू-सासरे आणि तिचे आई-वडील उघड्यावर, असं करू नका. नोकरी सुटली की तो विमा जातो, हेही डोक्यात असू द्या.

रोजच्या घरकामाबद्दल थोडक्यात. दोन डबे आणि रात्रीचं जेवण धरून दोघांना दिवसाला बारा पोळ्या लागतात. किलोभर कणकेत साधारण तीस होतात, म्हणजे महिन्याला बारा किलो गहू दळून आणायचे. दळण कधी संपतंय, पोळ्यांच्या बाई कुठल्या दिवशी येणार नाहीत, मटकी आज रात्री भिजली नाही तर परवाच्या डब्याला उसळ नाही, हे सगळं एकटीच्याच डोक्यात चालू असतं. लाटून दाखवणारा नवरा दिसतो, ही आठवण ठेवणारी बायको दिसत नाही. काम वाटायचं तर आख्खं वाटा. डबा त्याचा म्हणजे भाजी आणण्यापासून डबा घासण्यापर्यंत सगळं त्याचं. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं, पालेभाजी निवडून न धुता कागदात गुंडाळून ठेवली, तर आठवडा निभतो. धुऊन ठेवलेली पालेभाजी तिसऱ्या दिवशी सडते.

आणि दोन्हीकडचे आई-वडील पुण्याला राहायला येतात तेव्हा एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. घरून काम म्हणजे घरी मोकळं असणं नाही, हे त्या पिढीला सांगितल्याशिवाय कळत नाही आणि ते कळावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. दोघांच्या मीटिंगच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा परदेशातले कॉल असतील तर आई ताटकळत जेवायची थांबते आणि मनातून खट्टू होते. म्हणून आठ वाजता दोघांपैकी एकाने, आळीपाळीने, त्यांच्याबरोबर ताटावर बसायचं, दुसऱ्याचं ताट झाकून ठेवायचं. सासू-सासरे महिनाभर राहून गेले असतील तर तिच्या आई-वडिलांनाही 'या ना कधीतरी' न म्हणता तारीख घालून बोलवा आणि स्टेशनवर त्यांना घ्यायला त्यानेच जावं.