पेपर कसा लिहायचा, हे कुणी सांगायचं?

परवा शेजारची पोरगी हॉल तिकीट दाखवायला आली. एफवायला आहे, पहिली सेमिस्टर, पहिलाच पेपर अर्थशास्त्राचा. अभ्यास झालाय म्हणाली. मग निघता निघता दारातच थांबली. "अक्का, 15 मार्काला किती पानं लिहायची असतात?"

तीन वर्षांपूर्वी मलाही हेच विचारायचं होतं, पण विचारणार कुणाला? आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. विडी कामगारांची 10,000 घरांची वसाहत, 2006 मध्ये चाव्या मिळाल्या. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि कॉलेजची पायरी चढलेली घरात मीच पहिली. पेपरच्या दिवशी अम्मानं हातावर दहीसाखर ठेवली आणि सुपातल्या विड्या तशाच टाकून बसपर्यंत सोडायला आली.

उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा पहिल्या पानावरच्या चौकटी बघूनच घाम फुटला. सीट नंबर आकड्यात, सीट नंबर अक्षरात, पेपरचा कोड. एक आकडा चुकला तर पेपर बाद होणार, असं कुणीतरी बाहेर सांगून ठेवलेलं. माझा पेन हलेना. सुपरव्हिजनच्या मॅडम आल्या, हॉल तिकीटावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एकेक आकडा मोठ्यानं वाच, मग लिही." तसंच केलं. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

पहिला मोठा प्रश्न होता मागणीच्या किंमत लवचिकतेचे प्रकार, आकृतीसह. मला पाचही येत होते. पण बारावीला अर्थशास्त्रात मोठ्यात मोठं उत्तर 8 मार्कांचं. 15 मार्कांचं उत्तर कसं दिसतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी सोप्या वाटल्या म्हणून आधी टिपा घेतल्या आणि 5 मार्कांच्या एकेका टिपेला दोन-दोन पानं भरली. "शेवटची दहा मिनिटं, पुरवण्या बांधा" असं ऐकलं तेव्हा माझी दुसरी आकृती चालू होती.

पुढे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. संपूर्ण लवचीक, संपूर्ण अलवचीक, आणि तिसऱ्या प्रकाराचं नुसतं नाव. खाली अर्धं पान कोरं. त्या कोऱ्या पानाकडं बघून मी जेवढी रडले, तेवढी निकाल बघून रडले नव्हते. आकृती चुकली असती तर मनाला पटलं असतं. इथं सगळं येत होतं.

अम्मानं मला विडी शिकवली दहावीच्या सुट्टीत. भिजवलेलं पान फर्म्यावर कसं कापायचं, तंबाखू किती घ्यायची, तोंड कसं बंद करायचं. सुरुवातीच्या वीस-पंचवीस विड्या तिनं कारखान्यात दिल्याच नाहीत. एकेक उलगडून दाखवली, ही सैल झाली, हिच्यात तंबाखू जास्त. मग पुन्हा वळायला लावली. आमच्या कॉलेजात माझं एकही उत्तर असं कुणी उलगडून दाखवलं नाही. अंतर्गत परीक्षा झाली, मार्क बोर्डावर लागले, पेपर परत मिळालाच नाही. वर्गात शिकवणारे सर चांगले होते, पोर्शनही वेळेत संपवला. पण वेळ कसा वाटून घ्यायचा, आकृती कुठं काढायची, प्रश्नात "स्पष्ट करा" आणि "टीप लिहा" यात फरक काय, हे आम्हाला आधीच येतं असं सगळ्यांनी धरून चाललं. ज्यांच्या घरी दादा-ताई शिकलेत त्यांना ते येतंही. आमच्यासारख्यांना ते एटीकेटी लागल्यावर, म्हणजे विषय राहिल्यावर कळतं.

माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक कॉलेजनं एफवायच्या पोरांची पहिल्या परीक्षेआधी एक सराव परीक्षा घ्यावी. तशीच उत्तरपत्रिका, तशाच चौकटी, तेवढाच वेळ. आणि तपासलेला पेपर पोरांच्या हातात परत द्यावा. एक दिवस परीक्षेचा, एक दिवस बोलायचा. सोलापूर जिल्ह्यासाठी 2004 मध्ये वेगळं विद्यापीठ झालं, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरला जोडलेली होती. विद्यापीठ एवढं जवळ आलंय, मग एवढंसं काम का होऊ नये?

त्या पोरीला मी माझी छायाप्रत दिली, कोऱ्या पानासकट. काल रात्री ती आमच्याच ओट्यावर घड्याळ लावून लिहीत बसली होती आणि अम्मा शेजारी विड्या वळत होती. 15 मार्कांचं उत्तर तिनं अठ्ठावीस मिनिटांत संपवलं, पाचही आकृत्यांसह. रविवारी सकाळी दहाला पुन्हा बसणार आहोत. घरकुलात आणखी कुणाचा पहिला पेपर असेल तर पाठवा. कोरे कागद माझ्याकडं आहेत, पट्टी-पेन्सिल घेऊन यायला सांगा.