आशा व्यक्त करा, आवाहन करू नका

संस्कृतिरक्षक आमदार म्हणून नाव काढायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर पहिला खर्च उपरण्यावर करू नका. आधी मराठी व्याकरणाचं पुस्तक घ्या आणि आज्ञार्थ व भविष्यकाळ हे दोन धडे पाठ करा. तुमची सगळी कारकीर्द या दोन धड्यांमधल्या फटीत बसते.

पुरावा हवा? फेब्रुवारी 1990 मध्ये दादरचे उमेदवार मनोहर जोशी शिवाजी पार्कच्या सभेत म्हणाले की पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द केली. 11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे विधान कितीही निंद्य असलं तरी ती फार तर आशा झाली, धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे. निवडणूक वाचली. जोशी तोवर मुख्यमंत्री झालेले होते, ही गोष्ट वेगळी. त्याच दिवशी, त्याच खंडपीठाने विलेपार्ल्याचे डॉ. रमेश प्रभू यांना मात्र घरी पाठवलं. 1987 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांत हिंदू म्हणून मत देण्याचं सरळ आवाहन होतं. प्रभूंची आमदारकी रद्द ठरली आणि पुढे ठाकरे यांचा स्वतःचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. म्हणजे 'होईल' तरला आणि 'द्या' बुडाला.

तेव्हा भाषण लिहून झालं की लाल पेन घेऊन बसा. 'ठोका', 'हाकला', 'यांच्याकडून काही घेऊ नका' असलं जे जे सापडेल ते खोडा. त्या जागी 'जनता धडा शिकवेल' किंवा 'तरुणांचा संयम सुटेल' असं लिहा. कर्ता नेहमी दुसरा ठेवा. जनता, तरुण, माताभगिनी, अगदीच अडलं तर इतिहास. 'मी' हा शब्द फक्त 'मी कुणाच्या बापाला घाबरत नाही' या वाक्यासाठी राखून ठेवा.

या कलेचा उत्तम नमुना म्हणजे निवेदन. लेटरहेडवर, पोलीस आयुक्तांना. विषयात कार्यक्रमाचं नाव, मधल्या परिच्छेदात 'तीव्र भावना', आणि शेवटी ते अजरामर वाक्य: 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील.' नीट बघा. धमकी आहे, पण धमकावणारा नाही. दगड उडणार आहे, पण हात कुणाचाच नाही. 'सर्वस्वी' विसरू नका, वजन त्याच शब्दाला आहे. खाली 'प्रत माहितीसाठी' लिहून प्रत आधी पत्रकारांच्या ग्रुपवर टाका, आयुक्तांच्या कार्यालयात दुपारी पोचली तरी चालते.

एक सावधगिरी. सांताक्रूझचे अभिराम सिंह 1990 साली निवडून आले. त्यांच्या खटल्यात 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढून मत मागणंही भ्रष्ट आचरण, म्हणजे निवडणूक रद्द व्हायला पुरेसं कारण. फट थोडी अरुंद झाली. पण आमदारकी पाच वर्षांची आणि निकाल सत्तावीस वर्षांनी, हा हिशेब तुम्हाला जमत असेल तर फार चिंता नको. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असंही कायद्यात लिहिलेलं आहे. कायद्यालाही आशा व्यक्त करता येते.

आता सभागृह. राज्यघटनेच्या अनुच्छेद 194 मुळे तिथे बोललेल्या शब्दाबद्दल न्यायालयात खेचता येत नाही, म्हणून सगळ्यात जहाल माल तिथेच उतरवावा. अध्यक्ष शब्द कामकाजातून काढून टाकतील. टाकू द्या, थेट प्रक्षेपणात ते कधीच बाहेर गेलेले असतात. मोठा घोटाळा इथे होतो: उत्साहाच्या भरात तुम्ही तीच क्लिप स्वतःच्या पेजवर टाकता. संरक्षण सभागृहातल्या बोलण्याला आणि सभागृहाच्या अधिकाराने होणाऱ्या प्रकाशनाला आहे, तुमच्या फेसबुकला नाही. पश्चिम बंगालचे आमदार जतीशचंद्र घोष यांनी विधानसभेत नाकारले गेलेले आपले प्रश्न 'जनमत' नावाच्या पत्रात छापले आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हे समजावून सांगितलं. कार्यकर्ते ठेवायचे ते अशी क्लिप टाकण्यासाठीच.

निलंबनावर मात्र पूर्वीइतकी भिस्त ठेवता येत नाही. 5 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र विधानसभेतले भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. बारा महिने हुतात्मा म्हणून मिरवायची केवढी सोय! 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन चालणार नाही, असं ठरलं. ते अधिवेशन होतं दोन दिवसांचं. दोन दिवसांत हार-तुरेसुद्धा सुकत नाहीत.

तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अशासकीय विधेयक यांच्या नादी फारसं लागू नका. लेखी उत्तर येतं, ते वाचावं लागतं, त्यातून पाणीपुरवठा योजनेचा आकडा निघतो आणि मग लोक त्याबद्दल विचारू लागतात. त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या. कामकाज सुरू होण्याआधी विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून उभं राहा. फलकावर चारच शब्द असावेत, पाचव्याला अक्षर बारीक होतं आणि कॅमेऱ्यात येत नाही.

सभागृहाबाहेर बोललात तर गुन्हा दाखल होईल. 2023 पासून द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाचे सर्व राज्यांना आदेश आहेत. घाबरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 (गटागटांत वैर पसरवणं) किंवा 299 (धार्मिक भावना दुखावणं) खाली न्यायालयाने दखल घ्यायची, तर आधी राज्य किंवा केंद्र सरकारची मंजुरी लागते. फाइल गृहविभागाच्या टेबलावर जाते. त्या टेबलामागे कोण बसलंय, यावर तुमची निर्भीडता अवलंबून असते. म्हणून निर्भीड माणसाने शक्यतो सत्ताधारी पक्षात असावं. पक्ष बदलायचाच असेल तर भाषणाच्या आधी बदला.

बिघाड होतो तो आत्मविश्वास वाढल्यावर. सभेत टाळ्या पडतात, माणूस भविष्यकाळ विसरतो आणि आज्ञार्थात शिरतो. दुसऱ्या दिवशी प्रदेश कार्यालयातून 'ते त्यांचं वैयक्तिक मत आहे' असं निवेदन येतं. हे वाक्य वर्षातून दोनदा आलं तर बढतीची चिन्हं. दर आठवड्याला येऊ लागलं तर तुमच्या जागी कुणाचा तरी पुतण्या तयार होतोय. आणि खटला खरंच शेवटाला गेला तर जपा: 196 खाली दोषी ठरलात तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही, आणि 2013 पासून अपील दाखल केलं म्हणून आमदारकी आपोआप टिकतही नाही. सरकार बदललं म्हणून खटला मागे घ्यायचा, तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तारखा मागत राहा.

पुन्हा उभे राहाल तेव्हा प्रलंबित गुन्ह्यांची माहिती वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा प्रसिद्ध करावी लागेल. बाकीचे उमेदवार ती आतल्या पानावर, वाचता येणार नाही अशा अक्षरात छापतात. तुम्ही पहिल्या पानाचा दर विचारा. न्यायालय, खटला क्रमांक, कलम, सगळं ठळक येऊ द्या. कात्रण फ्रेम करून संपर्क कार्यालयात लावा, पण मागची पट्टी उघडता येईल अशी फ्रेम घ्या. पाच वर्षांनी यादी बदलावी लागते.