स्टेशन एटले स्टेशन

बडोद्यात रिक्षात बसल्यावर नुसतं "स्टेशन" म्हणू नये, हे कळायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

काकूंना पौर्णिमेला चांदोदला नर्मदेत डुबकी मारायची होती. पोराच्या मोटारीतून आरामात गेल्या असत्या. पण नाही, "आपल्या रेल्वेने"च जायचं. आपल्या म्हणजे गायकवाडांच्या. काकूंचे आजेसासरे गायकवाड बडोदा स्टेट रेल्वेत तिकिटं तपासायचे, तेव्हापासून तो कारभार आमच्या घरचाच.

पहाटे दांडियाबाजारातून निघालो. काकूंनी बसल्याबसल्या खंडेराव महाराज काढले. १८६२ साली महाराजांनी डभोई ते मियागाम अडीच फूट अंतराचे रूळ टाकले. ते इतके हलके की इंजिनाचा भार सोसेना. मग डब्यांना बैल जुंपले! इंजिनं नियमित धावायला १८८० उजाडलं. मी "हं, हं" करत होतो. या इतिहासात रावपुरा गेला, काळा घोडा गेला आणि रिक्षा सयाजीगंजातल्या मोठ्या स्टेशनापुढे थांबली.

"अरे, ही मुंबईची गर्दी इथे कशाला?" काकूंनी विचारलं.

माझ्या पोटात गोळा आला. चांदोदची गाडी प्रतापनगरहून सुटते. प्रतापनगर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी रिक्षावाल्याकडे पाहिलं.

"माजी, स्टेशन एटले स्टेशन ज ने!" तो काकूंना म्हणाला. आजी, स्टेशन म्हणजे स्टेशनच की! कायद्याने त्याचंच बरोबर होतं.

परतीची रपेट मी सांगत नाही. काकूंच्या मांडीवर थालीपिठांचा डबा होता, रबराने आवळलेला, आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचं झाकण "टक्" करून माझी अक्कल काढत होतं. प्रतापनगरच्या फलाटावर धावत पोचलो तेव्हा गाडीची शेपूट तेवढी दिसली. गाडी अगदी वेळेवर सुटली होती. एरवी किती उशीर करतात म्हणून आपण बोंबलतो!

काकू शांतपणे म्हणाल्या, "बैल असते तर पळत जाऊन गाठली असती."

पुढच्या गाडीला इतका अवकाश होता की बाकावरची सावली आम्हाला सोडून शेजारच्या बाकावर गेली. आम्हीही गेलो. तिथे थेपले घेऊन बसलेल्या एक बा, म्हणजे गुजराती आजी, होत्या. थालीपीठ-थेपल्याची अदलाबदल झाली आणि खंडेराव महाराज पुन्हा निघाले, या वेळी गुजरातीत. गुजरातीत बैल जास्त वेगाने धावत होते असं मला वाटलं.

दुपारी एकदाची गाडी मिळाली. डभोईला काकूंनी खिडकीला नाक लावलं. "आपली लाईन कुठेय?"

"ही काय. रुंद केली."

काकू बराच वेळ त्या रुळांकडे बघत राहिल्या. घरातली जुनी भिंत विचारल्याशिवाय पाडल्यावर बघतात, तसं.

चांदोदला डुबकी झाली. थंड पाण्यात माझंही पाप धुतलं गेलं म्हणे, आजचं सोडून.

रात्री प्रतापनगरला उतरलो. रिक्षावाल्याने "क्यां?" विचारलं. मी तोंड उघडणार, तोच काकूंनी माझा हात दाबला आणि स्वतः सुरू झाल्या: दांडियाबाजार, त्यातली गल्ली, गल्लीतला तिसरा वाडा, वाड्याचं हिरवं फाटक.

"आणि जिना डाव्या हाताला," त्या म्हणाल्या.