स्पर्धा खुली, स्पर्धक ओळखीचे

महापालिकेला काहीतरी विकावं, निदान एखादा रस्ता तरी करून द्यावा, असं तुमच्या मनात आलं असेल तर आधी अभिनंदन. धंदा चांगला आहे. गिऱ्हाईक उधारी ठेवतं, पण गाव सोडून पळून जात नाही. फक्त पानाच्या गल्ल्यावर मिळालेलं ज्ञान तिथेच थुंकून या. ‘नियम मोडल्याशिवाय टेंडर मिळत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक खंडेराव मार्केटचा, म्हणजे बडोदा महापालिकेच्या कचेरीचा, जिना कधी चढलेले नसतात. नियम मोडणारा सापडतो. नियम पाळणाऱ्याची फाइल इतकी नीटस असते की ऑडिटवालाही तिच्यावर टिकमार्क करताना हळवा होतो.

तेव्हा नियम पाळायचे, सगळेच्या सगळे. ते लिहिले जात असताना समोरच्या खुर्चीवर आपण बसलेले असलो म्हणजे झालं.

साधं बाकडंच घ्या. आपल्या बडोद्यात गल्लीच्या तोंडाशी, बागेत, देवळाच्या ओट्याजवळ सिमेंटचं बाकडं असतं आणि त्याच्या पाठीवर नगरसेवकाचं नाव असतं. बाकड्याचा पाय निखळतो, नाव निखळत नाही. शहरात 19 वॉर्ड, दर वॉर्डात 4, म्हणजे 76 नावं. मागणीला तोटा नाही. आता सरकारी खरेदीचा सर्वमान्य नियम असा की वस्तूचं वर्णन सर्वांना पुरवता येईल असं असावं, त्यात कुठल्याही कंपनीचं नाव येऊ नये. अगदी रास्त नियम. नाव घ्यायची गरजच काय? बसायची उंची 437 मिलिमीटर लिहा. पाठीचा कल 11 अंश. रंग ‘फिकट टेराकोटा’. गुजरातेत बाकडी ओतणारे कारखाने ढिगाने असतील, पण 437 मिलिमीटरचा साचा एकाकडेच असतो. तो नेमका तुमच्याकडे निघाला तर त्याला योगायोग म्हणतात, आणि योगायोगाला कुठल्याही कायद्यात शिक्षा नाही.

हा योगायोग निविदा निघाल्यावर जुळवता येत नाही. खात्यात जायचं ते सहा महिने आधी, कॅटलॉग घेऊन. ‘साहेब, नुसतं बघून ठेवा.’ साहेबांना शंभर कामं असतात, मोजमापं टाइप करायला वेळ कुठला? पेन ड्राइव्हवर आयती फाइल दिलीत तर त्यांच्या डोक्याचा भार हलका होतो. देण्याआधी मात्र फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डोकावा. तिथे ‘ऑथर’ म्हणून तुमच्या अकाउंटंटचं नाव असतं, आणि अशा कामात आपला अकाउंटंट लेखक म्हणून प्रसिद्धीस येणं बरं नव्हे.

पात्रतेच्या अटींना अजिबात घाबरू नका. केंद्रीय सतर्कता आयोगाने 2002 साली एक माप घालून दिलेलं आहे: गेल्या 7 वर्षांत तशाच प्रकारची, अंदाजी रकमेच्या 40 टक्क्यांची तीन कामं, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. सरासरी वार्षिक उलाढाल 30 टक्के. अटी उगाच आवळू नयेत, हा आयोगाचा हेतू. बिचाऱ्यांनी टक्के ठरवून दिले, पण कोणतं काम ‘तशाच प्रकारचं’ मानायचं ते शेवटी निविदा काढणाऱ्यानेच लिहायचं. साधा डांबरी रस्ता असेल तर अनुभव मागा पुराच्या पट्ट्यातल्या, रहदारी चालू ठेवून केलेल्या, दुभाजकासह रस्त्याचा. वर हॉट मिक्स प्लांट स्वतःच्या मालकीचा आणि शहराच्या हद्दीपासून अमुक किलोमीटरच्या आत हवा. किलोमीटरचा आकडा ठरवताना नकाशा उघडायचा, तुमच्या प्लांटवर बोट ठेवायचं आणि थोडी जागा सोडायची. अगदी नेमका आकडा लिहिला तर वाईट दिसतं.

नव्या पोरांनी विचारावं, अनुभव नसेल तर? अनुभव नसणाऱ्याला काम नाही आणि काम नसणाऱ्याला अनुभव नाही, ही व्यवस्था जुनी आहे. त्यावर उपाय म्हणून मोठ्या कामांच्या एए वर्गातल्या एखाद्या इजारदाराचं, म्हणजे कंत्राटदाराचं, लेटरहेड टक्केवारीवर मिळतं. भाडं घराच्या भाड्यासारखंच ठरतं, फक्त पावती मिळत नाही.

आणि एकदा अपात्र ठरलात म्हणून रडत बसू नका, फेऱ्या पुष्कळ असतात. हरणी तलावाचं उदाहरण आपल्या शहरातलंच आहे आणि ते गुजरात हायकोर्टाने उलगडून ठेवलेलं आहे. पहिल्या फेरीत जी कंपनी पात्रतेत बसली नाही, तीच पुढच्या फेरीत बसली आणि 2017 साली करार तिच्याशी झाला. 18 जानेवारी 2024 ला त्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडून गेल्या. पात्रता कोणी, कशी ठरवली, ते मग कोर्टाने विचारलं. तोवर ते विचारण्यात कुणाला रस नव्हता, कारण फाइल नीटस होती.

वेळेचं भान हा या धंद्यातला खरा गुण. जाहिरातीला पुरेशी मुदत द्यावी असं शास्त्र आहे, पण घाईच्या कामाला 7 दिवसांची शॉर्ट नोटीसही चालते. आता हे 7 दिवस कोणते, ते ठरवायला पंचांग लागतं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी निविदा पोर्टलवर चढवा आणि लाभपाचमेच्या दुपारी बंद करा. त्या काळात गुजरातेत बँक अर्धी, सीए पूर्ण आणि टायपिस्ट तर सहकुटुंब अबूच्या वाटेवर असतो. डिमांड ड्राफ्ट निघत नाही, सॉल्व्हन्सीचा, म्हणजे ऐपतीचा, दाखला मिळत नाही. ज्याला आधीपासून माहीत होतं त्याचे कागद नवरात्रीतच तयार झालेले असतात. आठवडाभर दार सताड उघडं होतं, कोणी आलं नाही, त्याला पालिका काय करणार?

सगळं आता ऑनलाइन आहे, हे खरं. एनप्रोक्युअर या निविदांच्या पोर्टलवर डिजिटल सहीने तांत्रिक लिफाफा वेगळा, भावाचा वेगळा. मानवी हस्तक्षेप शून्य. त्यानंतर त्याच कागदांची छापील प्रत, प्रत्येक पानावर सही-शिक्का मारून, फक्त स्पीड पोस्टाने मुदतीत पोहोचवायची असते. संगणकावर आपला विश्वास आहेच, पण पोस्टमनवर थोडा जास्त आहे. एखादा उत्साही बाहेरगावचा इजारदार पोर्टलवर सगळं बिनचूक भरतो आणि त्याचं पाकीट एक दिवस उशिरा येतं. त्याचा भाव सर्वांत कमी होता का? ते आता कुणालाच कळणार नाही, लिफाफा उघडलेलाच नाही.

आता स्पर्धेकडे येऊ. खंडेराव मार्केटच्या मागच्या अंगाला भाजीबाजार आहे. दांडिया बाजारातली कुठलीही आजी तिथे पापडी घ्यायची तर तीन टोपल्यांपुढे भाव विचारते, चौथीकडे घेते आणि कोथिंबीर फुकट मागते. ज्या पालिकेच्या अंगणात हे रोज घडतं, तिथे पुढच्या इमारतीत भाव कसा ठरतो म्हणाल? तिथेही तीन टोपल्या लागतात. एकच बोली आली की फेरनिविदेची कटकट होते, म्हणून तीन हव्यात. पण तिन्ही टोपल्या एकाच मळ्यातल्या असल्या तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. याला रिंग म्हणतात. या खेपेला तुमचा भाव खाली, पुढच्या खेपेला मेव्हण्याचा, त्याच्या पुढच्या खेपेला त्याच्या ड्रायव्हरचा.

इथे थोडा हिशेबीपणा हवा. तिन्ही बोल्या एकाच खोलीतून भरू नका, आयपी पत्ता एकच दिसतो. तीन डिमांड ड्राफ्ट एकाच बँकेतून ओळीने काढू नका, नंबरही ओळीनेच येतात. तिन्ही पत्रांत ‘रिस्पेक्टफुली’चं स्पेलिंग एकसारखं चुकवू नका. हसू नका, माणसं अशानेच अडकतात. पुण्यात महापालिकेच्या कचरा प्रक्रियेच्या निविदांत सोबतीला म्हणून नावापुरत्या बोली भरणाऱ्या कंपन्यांना स्पर्धा आयोगाने 2018 साली दोषी धरलं. कायद्यात दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते, आणि तोही दर वर्षाचा. शिवाय जो आधी कबूल करेल त्याला दंडात सूट. म्हणून रिंगमधल्या सर्वांवर भावासारखं प्रेम करा आणि दिल्लीच्या वकिलाचा नंबर त्यांच्याआधी मिळवा.

भाव किती भरायचा? अंदाजापेक्षा 24 टक्के जास्त भरा. दचकू नका. मग वाटाघाटीचं बोलावणं येतं. सतर्कता आयोगाने 2007 मध्ये सांगून ठेवलंय की निविदा उघडल्यावर घासाघीस करू नये, अगदी अपवाद म्हणून केलीच तर फक्त सर्वांत कमी भाववाल्याशी. आपण अपवादालाही मान देतो. टेबलाच्या त्या बाजूला साहेब म्हणतात, ‘भाई, शहराचा विचार करा.’ तुम्ही घोटभर पाणी प्यायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, कॅल्क्युलेटरवर काहीतरी दाबायचं आणि जड आवाजात 21 म्हणायचं. 3 टक्के वाचले. ठरावात ‘इजारदाराने शहराच्या हितार्थ स्वेच्छेने घट दिली’ असं येतं आणि स्थायी समितीचे 12 सदस्य ते एकमताने मंजूर करतात. उलट दिशेची शाळाही आहे. तिथे अंदाजाच्या 30 टक्के खाली भरतात आणि पुढे एक्स्ट्रा आयटमवर, म्हणजे करारात नसलेल्या जादा कामांवर, जगतात. ते मला पटत नाही, त्यात फार लिहावं लागतं.

रक्कम मोठी असेल तर वरची मंजुरी लागते, आणि वरचे लोक फार प्रश्न विचारतात. त्यावर तुकडे करणं हा लोकप्रिय उपाय आहे. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत 157 क्रमांकाचा नियम नेमका हेच करू नका म्हणतो. पालिकेला तो थेट लागू नसला तरी रोख सगळीकडे तोच. काळजी नको. 76 नगरसेवकांची बाकडी ही एक खरेदी नव्हेच मुळी. त्या 76 स्वतंत्र लोकभावना आहेत.

आणि काहीच जमलं नाही तर पावसाची वाट पाहा. 1949 च्या जीपीएमसी, म्हणजे गुजरातेतल्या महापालिकांच्या, कायद्यात कलम 67(3)(सी) आहे. अचानक काही आपत्ती ओढवली, मालमत्तेला किंवा जिवाला धोका झाला, तर आयुक्तांनी ताबडतोब काम करून घ्यावं आणि मागाहून स्थायी समितीला व सभेला कारणांसह कळवावं. कलम शहाणपणाचं आहे. ऑगस्ट 2024 सारखी विश्वामित्री नदी घरात शिरली तर निविदेची मुदत मोजत कोण बसेल? पण शहाणपणाच्या कलमाचा एक गुण असा की ते कोरड्या हवेतही चालतं. पावसाळा दर जूनमध्ये येतो, ही बाब दर जूनमध्ये अचानक लक्षात येते. मे महिन्यात गटाराची साफसफाई निविदेविना अडकलेली असते, जूनमध्ये ती आपत्ती होते. मधल्या पंधरवड्यात तुम्ही फोन चालू ठेवा.

काम झाल्यावर रस्त्यात भुवा पडेल. बाहेरच्यांसाठी सांगतो, भुवा म्हणजे रस्त्याच्या पोटातून जमीन सरकून पडलेलं विवर, ज्यात रिक्षा मावते. दोषदायित्वाचा कालावधी संपायच्या आत पडला तर खर्च तुमचा. अशा वेळी भुव्याला ड्रेनेजवाल्यांकडे पाठवायचं, ते पाणीपुरवठ्याकडे पाठवतात, पाणीपुरवठावाले गॅसवाल्यांकडे. तिघांच्या संयुक्त पाहणीची तारीख ठरेपर्यंत कालावधी संपतो. सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावाचं पाणी आपण अजून पितो. त्या वेळी दोषदायित्वाचा कालावधी किती ठेवला होता, हे मी एकदा विचारून बघणार आहे.

इतकं करूनही ग्रह फिरले आणि काळ्या यादीत गेलात, तर ती तुमच्या फर्मची बंदी आहे, तुमची नव्हे. वहिनींच्या नावाने नवी फर्म काढा, पाटी तीच ठेवून अक्षरं रंगवा, पत्त्यात ‘तळमजला’ऐवजी ‘पहिला मजला’ लिहा. जुन्या कामांचे अनुभवाचे दाखले जॉइंट व्हेंचर करून पुढे ओढता येतात. वहिनींची डिजिटल सही ऑनलाइन अर्ज करून, मोबाइलसमोर चेहरा दाखवून घरबसल्या मिळते. टोकन मात्र त्यांच्या हातात ठेवू नका. त्या आपला भाव भरतील.