बाई कामावर असते, मोजणीत कुठे असते?

शनिवारी संध्याकाळी नाशिकमधल्या सातपूरच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटले, ते कारखान्यात सुपरवायझर असलेल्या मित्राच्या तक्रारीवरून. पॅकिंगला घेतलेल्या बायका वर्षभरात काम सोडतात आणि याचे मूळ घरच्यांच्या मानसिकतेत आहे, असे त्याचे ठाम मत होते.

दिंडोरीला द्राक्षबाग असलेल्या मित्राला ते पटेना. विरळणीला पेठ-सुरगाण्याहून त्याच्याकडे येणाऱ्या टोळ्यांमध्ये बायकाच जास्त असतात. त्याने मोबाईलवर सरकारी श्रमबल सर्वेक्षणही शोधून दाखवले: पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर पोहोचला.

"पुढचेही वाच ना," बँकेत नोकरी करणारी आमची मैत्रीण म्हणाली. ग्रामीण भागात हे प्रमाण ४७.६ टक्के असले, तरी शहरांत ते २८ टक्क्यांवरच आहे. शिवाय काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६.७ टक्के घरच्याच शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. "वहिनी पहाटेपासून बागेत असतात. त्यांची मजुरी कोणत्या खात्यात जमा करतोस? आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे?" तो आधी हसला, मग चहाचा कप न्याहाळत बसला.

सुपरवायझरला वाटले, आपलीच बाजू सिद्ध झाली. बाळंतपणाच्या रजेचा भुर्दंड मालकाने किती सोसायचा, असेही त्याने जोडून दिले. वास्तविक दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगार स्त्रीला या रजेचा मोबदला कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते, आणि त्याच्याकडच्या बहुतेक जणी त्याच वेतनातल्या. मला विचाराल तर मानसिकतेला दोष देणे सोयीचे असते, कारण त्याला खर्च येत नाही, पाळणाघराला येतो. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. त्याच्या कारखान्यात हजेरीपटावर चाळीसच माणसे आहेत, बाकी सगळी ठेकेदाराची.

२०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ९७, हे मैत्रिणीने सांगितले, आणि सोडून गेलेल्यांपैकी किती जणींना लहान मूल होते, असे त्याला विचारले. त्याला सांगता आले नाही. त्याने त्यांना ते कधी विचारलेच नव्हते.