पांढरा हत्ती, निळी शाई

घरात प्रिंटर नसेल तर आजच्या आज घेऊन या. आमच्या नाशकात एम. जी. रोडला मिळेल, कॉलेज रोडला मिळेल, साडेतीन हजारांत मिळेल. एवढं मोठं यंत्र, त्यात स्कॅनर, त्यात वाय-फाय, एवढ्या स्वस्तात त्यांना परवडतं कसं, असा प्रश्न मनात आला तर तिथल्या तिथे गिळा. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारणाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही. मीही विचारलं नव्हतं. म्हणून तर आज सल्ले द्यायला बसलोय.

पहिला सल्ला असा की महत्त्वाचा कागद नेहमी पहाटे छापायला घ्यावा. गेल्या महिन्यात मुलीची सीईटी होती. केंद्र आडगावच्या पुढे, हजेरी साडेसातला. हॉलतिकीट आधी का काढून ठेवलं नाही, यात साइटचा दोष किती आणि आमचा आळस किती, हा आमच्या घरातला वाद आहे, तुम्ही पडू नका. पहाटे साडेपाचला मी प्रिंटर चालू केला. तो नेहमीप्रमाणे दोन मिनिटं कण्हला, खोकला, दात घासले आणि पडद्यावर म्हणाला, निळी कार्ट्रिज (म्हणजे शाईची डबी) ओळखता येत नाही, कृपया अस्सल कार्ट्रिज बसवा.

बायको म्हणाली, "अहो, मग काळ्यात छापा ना."

"काळ्यातच छापतोय."

"मग निळीचं काय काम?"

हा प्रश्न मी जसाच्या तसा कंपनीच्या हेल्पलाइनला पाठवलाय. तिकडून आलेल्या उत्तरात तीन वेळा 'आपल्या समाधानासाठी' आहे आणि निळीचा उल्लेख नाही. कंपनीचं नाव विचारू नका.

दुसरा सल्ला: शाईचा भाव कधीही लिटरमध्ये काढू नका. कार्ट्रिजच्या खोक्यावर मिलीलीटरचा आकडा मुंगीच्या अक्षरात असतो तो तुमच्या भल्यासाठीच. मी चष्मा लावून वाचला, चूक झाली. आठशे चाळीस रुपये आणि आत सहा मिली. मिलीला एकशे चाळीस, म्हणजे लिटरला एक लाख चाळीस हजार. शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलवरून आपण पंपावर तावातावाने बोलतो. या भावात गंगापूर रोडच्या वायनऱ्यांमधून पिंपं भरून वाइन आणता येईल आणि ती ओठाला लागेपर्यंत वाळणार तरी नाही.

तिसरा: खोक्यावर जितकी पानं लिहिली आहेत तितकी निघतील, असा विश्वास ठेवा. ती पानं प्रयोगशाळेत एकामागून एक सलग छापून मोजतात. तुम्ही पंधरवड्यातून दोन छापता, मधल्या काळात शाई यंत्राचं तोंड धुण्यात जाते.

ते धुतलेलं पाणी कुठे जातं, हेही विचारू नका. यंत्राच्या पोटात एक स्पंज असतो, तो पितो. लिटरला जवळजवळ दीड लाखाची शाई पिणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही. त्याने किती प्यायली याचा हिशेब यंत्र ठेवतं आणि एक दिवस काही यंत्रं सांगतात, स्पंज भरला, आता मी छापणार नाही. छपाई छान चालू असते, शाई असते, कागद असतो. स्पंजाचं पोट भरलं म्हणून मालक उपाशी.

चौथा: शाई संपली असेल तर स्कॅनही करू नका. काही यंत्रांना डोळ्यांत काजळ घातल्याशिवाय दिसत नाही.

पाचवा: रिकामी कार्ट्रिज बिनधास्त घंटागाडीत टाका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरच्या जोडीला कार्ट्रिजचंही नाव आहे, पण ते वाचत बसलं तर गाडी पुढच्या गल्लीत जाते.

आता रिफिल. रिफिल मुळीच करू नका. मेन रोडच्या आतल्या गल्लीत एक दुकान आहे, तिथला मुलगा सिरिंज घेऊन बसलेला असतो, बोटं कायम जांभळी. कार्ट्रिजवरचं स्टिकर उचलतो, भोकात सुई घालतो, हळूहळू शाई सोडतो, टिश्यूवर टेकवून रंग उतरतो का बघतो आणि दीडशे रुपये घेतो. आठशे चाळीसची वस्तू दीडशेला! अशा माणसामुळे देशाची अर्थव्यवस्था कुठे जाईल?

खोटं कशाला बोलू, रिफिलने माझंही एकदा वाटोळं केलंय. जुन्या यंत्रात काळी पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची होती, मी घाईत डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची भरली, अक्षरं पावसात भिजल्यासारखी फुटली. त्या यंत्राचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारं तोंड, कार्ट्रिजमध्येच होतं, म्हणून नुकसान एका कार्ट्रिजवर भागलं. आताच्या यंत्रात हेड मशीनमध्ये आहे. तिथे गाळ बसला तर साडेतीन हजारांवर पाणी. तो सिरिंजवालाच हे सांगतो. "काका, हेड कुठंय ते बघून भरा, आणि भरल्यावर आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढत जा, नाहीतर मे महिन्यात सुकतंय सगळं." दीडशे रुपयांत एवढं ज्ञान देणारा माणूस बाजारात ठेवणं धोक्याचंच, नाही का?

आता सहावा सल्ला, आणि हा नीट ऐका. प्रिंटर वाय-फायला जोडा आणि 'आपोआप अपडेट' यावर टिचकी मारा. मी मारली होती. निळी मी दीड महिन्यापूर्वी त्याच मुलाकडून भरून, तिच्यावरची चिप (यंत्र कार्ट्रिजला ओळखतं ते हिच्यावरून) रिसेट करून आणली होती. दीड महिना ती गुण्यागोविंदाने नांदली. निळं आकाश निळं आलं, मुलीच्या जर्नलमधल्या आकृत्या आल्या, सोसायटीच्या सत्यनारायणाचं पत्रक आलं. सीईटीच्या आदल्या रात्री आम्ही झोपलो आणि यंत्राने परस्पर अपडेट घेतला. सकाळी त्याला निळी ओळखू येईना. शाई तीच, कार्ट्रिज तीच, भोक तेच. रात्रीतून बदललं काय? तर माझ्या पैशाने घेतलेल्या, माझ्या विजेवर आणि माझ्या इंटरनेटवर चालणाऱ्या यंत्राने माझ्याविरुद्ध हुकूम घेतला. आपण वाड्याचे पैसे मोजलेत, खरेदीखत झालंय, आणि जुना मालक रात्री येऊन कुलूप बदलून जातो. वर सकाळी पाटी, आपल्या समाधानासाठी.

हा शोध जुना आहे. १३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या काही प्रिंटरांनी एकाच दिवशी बाहेरच्या कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीने माफी मागितली. कशाबद्दल? तर आम्ही हे तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं, याबद्दल. पाकीट मारल्याबद्दल नाही, मारताना 'मारतोय हं' म्हणालो नाही याबद्दल.

आणि त्या चिपशिवाय खरंच काही अडतं का? २०२२ च्या सुरुवातीला जगात चिपचा तुटवडा होता. कॅननला आपल्याच टोनर (लेझर यंत्रांत शाईच्या जागी असते ती पूड) कार्ट्रिजमध्ये घालायला चिप मिळेनात. तेव्हा कंपनीने जर्मनीतल्या गिऱ्हाइकांना स्वतःच शिकवलं की, यंत्र 'ओळखता येत नाही' म्हणेल, तिकडे लक्ष न देता अमुक बटण दाबा आणि छापा, छपाईच्या दर्जाला काही होत नाही. टोनरची पातळी दिसणार नाही, इतकंच. म्हणजे अडचण कंपनीची असली की एक बटण पुरतं, आणि माझी असली की पहाटे साडेपाचला माझ्या मुलीने दारात चपला घालून उभं राहायचं!

सल्ले बाजूला ठेवतो आता. या गावात नाशिक रोडला १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात. शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्ट छापतात. नोटांच्या शाईचा सरकारी कारखाना देवासला आहे. ती शाई माझ्या निळीच्या भावाने घेतली असती तर छापलेली नोट शाईवालाच घेऊन गेला असता. आणि अशा गावात मला एक काळं पान छापता येत नाही, कारण निळी खोटी आहे. ही चोरी आहे. सरळ चोरी. यंत्र स्वस्त देऊन गळ टाकायचा आणि मग थेंबाथेंबाने वसूल करायचं, आणि कुणी दीडशे रुपयांत सुटका करून घेतली तर त्याचं यंत्र बाहेरून बंद पाडायचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात ३० मे २०१७ ला सांगितलं की, कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. कोर्टात संपला, चिपमध्ये संपलेला नाही. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल निघालं, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. किती जणांनी लावला? मी तरी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी लावला.

तेव्हा कंपनीइतकीच शिवी आपल्यालाही बसली पाहिजे. साडेतीन हजारांचा बघितला की आपली जीभ बाहेर येते. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं वाद घालतो आणि शाई किती येते हे न विचारता प्रिंटर उचलून आणतो. मग दर तीन महिन्यांनी यंत्राच्या किमतीएवढी शाई भरतो आणि वर म्हणतो, काय करणार, सगळीकडे असंच असतं. असंच नसतं. समोरच्या वहिनी घरी ट्यूशन घेतात, त्यांनी चार वर्षांपूर्वी बाटलीतून शाई ओतायचा प्रिंटर घेतला, बारा हजारांचा. मी तेव्हा हसलो होतो. त्यांची सत्तर मिलीची बाटली चारशे वीसला येते, मिलीला सहा रुपये. माझ्या एकशे चाळीससमोर सहा!

हॉलतिकीट शेवटी त्यांच्याकडेच निघालं. सहाला दहा मिनिटं कमी असताना बेल वाजवली, त्यांनी गाऊनवर ओढणी घेऊन दार उघडलं, फाइल मागवून घेतली आणि दोन प्रती काढून दिल्या. "भाऊजी, एक जास्तीची असू द्या. आणि बारा हजार म्हणजे पैसे वर आले का म्हणत होतात ना?" मी काही बोललो नाही. द्वारकेच्या गर्दीत अडकायच्या आत निघालो, सात वीसला पोहोचलो.

माझा प्रिंटर अजून टेबलावरच आहे. वाय-फाय काढलंय, वर इस्त्रीचे कपडे ठेवतो. परवा मध्यरात्री अडीचला तो कपड्यांखाली आपोआप जागा झाला, कण्हला, खोकला आणि उरलेल्या शाईने दात घासून पुन्हा झोपला.